परदेशी निकाल आपल्या कोर्टात: कशासाठी चालतो, कुठे अडतो

पुलुकुरी कोट्टय्या हे नाव फौजदारी वकिलांना पाठ असतं. आरोपी पोलीस कोठडीत म्हणतो, 'कोयता विहिरीजवळ पुरलाय, त्याच कोयत्याने मी मारलं.' पंचांसमक्ष उकरल्यावर कोयता निघतो. आता या जबाबातला किती भाग पुरावा म्हणून वाचायचा? कोयता कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, एवढाच. 'मी मारलं' हे गाळायचं. हा नियम लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, याच नावाच्या निकालात घालून दिला आणि १९४७ च्या रिपोर्टांत तो छापून आला. आजही नांदेडच्या किंवा लातूरच्या सत्र न्यायालयात मेमोरँडम पंचनाम्यावर (आरोपीच्या अशा जबाबाच्या पंचनाम्यावर) वाद सुरू झाला की पहिल्यांदा याच निकालाचा दाखला पुढे येतो. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय आता चांगला कायदा राहिलेला नाही, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पांडुरंग कालू पाटील प्रकरणात ते खोडून काढलं. आम्ही स्वतः मोडीत काढत नाही तोवर प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय उच्च न्यायालयांवर बंधनकारकच राहतो, असं त्यात स्पष्ट झालं.

गंमत अशी की लंडनमध्ये हा निर्णय झाला तेव्हा नांदेडच्या कोर्टावर तो बंधनकारक नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्यातले तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचं हायकोर्ट वेगळं आणि त्याच्यावर निजामाची स्वतःची ज्युडिशियल कमिटी. संस्थानाचे कायदे ब्रिटिश मुलखातल्या कायद्यांच्या धर्तीवरच केलेले असत, तरी मुंबई किंवा मद्रासचा निकाल इथे दाखवला तर न्यायाधीशाने तो ऐकायचा की नाही, ही त्याची मर्जी. हैदराबादचा हुकूमनामा (दिवाणी दाव्यातला अंतिम आदेश) ब्रिटिश मुलखात नेला तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ खाली 'परदेशी निकाल' म्हणून तपासला जाई. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, पण कोर्टाच्या हिशेबात हा परकेपणा आणखी थोडा टिकला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७४(४) ने संस्थानांतल्या 'प्रिव्ही कौन्सिलां'चा अधिकार संपवला आणि त्यांच्यापुढची अपिलं सर्वोच्च न्यायालयाकडे वळवली. दंड संहिता, पुरावा कायदा आणि करार कायदा तर इकडे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाले.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं की 'परदेशी' हा शिक्का नकाशावरून ठरत नाही. आपल्या राज्यघटनेने ज्या निकालाला अधिकार दिला तो बंधनकारक, मग तो लंडनला का लिहिलेला असेना. ज्याला दिला नाही तो फक्त ऐकण्याजोगा. न्यायाधीशांनी परदेशी कायदा पाहावा की नाही, यावर तावातावाने वाद होतात, पण त्यातले निम्मे वाद निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यामुळे होतात. म्हणून आधी त्या वेगळ्या काढू.

एकाच नावाखाली तीन प्रकार

पहिल्या प्रकारात परदेशी कायदा हा पुराव्याने शाबित करायचा मुद्दा असतो. समजा लातूरचा एक अभियंता टेक्सासला गेला, तिथे त्याने एकतर्फी घटस्फोट मिळवला आणि त्याची पत्नी इकडे लातूरच्या कोर्टात पोटगी मागते आहे. टेक्सासचा कायदा काय सांगतो, हे आपल्या न्यायाधीशाने आपल्या मनाने ठरवायचं नसतं. भारतातल्या कायद्यांची न्यायालयाने आपण होऊन दखल घ्यायची असते, परदेशी कायदा मात्र शाबित करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्यासाठी दोन वाटा आहेत. कलम ३९ प्रमाणे त्या देशाच्या कायद्यातल्या तज्ज्ञाचं मत देता येतं. कलम ३२ प्रमाणे त्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने छापलेलं पुस्तक दाखवता येतं आणि आता डिजिटल प्रतही चालते. कोणीच काही शाबित केलं नाही, तर कोर्ट सहसा परदेशातला कायदा आपल्यासारखाच आहे असं धरून पुढे जातं. इथे पुष्कळ पक्षकार फसतात. इंटरनेटवरून काढलेली चार पानं अर्जाला जोडली की काम झालं, असा त्यांचा समज असतो.

घटस्फोटाच्या त्या निकालाचं काय होणार, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ ठरवतं. तिथे सहा अपवाद आहेत: कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत करून घेतली किंवा जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो मानला नाही, नैसर्गिक न्याय डावलला, फसवणूक झाली, किंवा भारतात लागू असलेला कायदा मोडणाऱ्या मागणीला निकालाने उचलून धरलं. यांपैकी एकही लागला तरी निकाल इथे निर्णायक ठरत नाही. १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाच्या बाबतीत हे आणखी कसलं. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्याला मान्य असलेल्या कोर्टाने, त्याच कायद्यात असलेल्या कारणावरून निकाल द्यायला हवा. ठरावीक अपवाद वगळता दुसरा निकाल चालणार नाही. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावायची असेल तर त्याच संहितेच्या कलम ४४अ खाली तो देश 'परस्पर व्यवहाराचा प्रदेश' म्हणून जाहीर झालेला लागतो. ब्रिटन त्यात आहे, संयुक्त अरब अमिरात २०२० मध्ये आली, अमेरिका नाही. अमेरिकेचा हुकूमनामा असेल तर इथे त्याच्या आधारावर नवा दावाच दाखल करावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात येतात आंतरराष्ट्रीय करार. भारताने सही केली म्हणून करार आपोआप कायदा होत नाही. त्यासाठी संसदेने अनुच्छेद २५३ खाली कायदा करावा लागतो. पण आपल्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर कराराशी जुळणारा अर्थ घ्यायचा, ही पद्धत रुळली आहे. १९८० च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम ११ पुढे ठेवलं आणि दिवाणी तुरुंगाबद्दलचं कलम त्या उजेडात वाचलं. नुसता पैसा नाही म्हणून कर्जदाराला आत टाकता येणार नाही, पैसा असून दडवला अशी बदनियत दिसायला हवी. दरखास्तीत अटकेचा अर्ज देणाऱ्या वकिलांना हे रोज लागतं. १९९७ चं विशाखा प्रकरण आणखी पुढे गेलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर देशात कायदाच नव्हता, म्हणून महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं आखून दिली. ती २०१३ च्या कायद्यापर्यंत चालली.

खरं भांडण आहे ते तिसऱ्या प्रकारावर. प्रश्न पूर्णपणे आपल्या कायद्याचा, पक्षकार आपले, वादही इथलाच. तरीही न्यायमूर्ती इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा कॅनडाचा निकाल उघडून बघतात. हे करावं का?

आधी आपल्या कलमाचे शब्द

आपले बरेच कायदे उसने घेतलेले आहेत आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. घटनेच्या मसुद्यावर हाच आरोप झाला, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी सांगून टाकलं की उसनं घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कोणाकडे नसतं. पण कायदा करताना उसनं घेणं आणि अर्थ लावताना उसनं घेणं यांत फरक आहे. कायदा करणारा निवडून आलेला असतो. काय उचलायचं, काय मुद्दाम सोडून द्यायचं, हे तो ठरवतो. त्याने जे सोडलं ते न्यायाधीशाने परदेशी निकालाच्या वाटेने परत आणलं, तर ते अर्थ लावणं राहत नाही.

करार कायद्याच्या कलम ५६ वर हे नीट दिसतं. करार झाल्यावर तो पार पाडणं अशक्य झालं तर काय, यावर इंग्लंडमध्ये निकालांचं जंगल आहे आणि त्यात तीन-चार वेगवेगळे सिद्धांत आहेत. सत्यव्रत घोष प्रकरण १९५४ च्या रिपोर्टांत आलं. कलकत्त्याजवळ वसाहतीचे प्लॉट विकले गेले आणि मग युद्धकाळात सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली. करार संपला का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी सांगितलं की आपल्याकडे कलम ५६ हा लेखी कायदा आहे. इंग्लिश निकाल समजून घ्यायला उपयोगी पडतील, पण कलमाची जागा घेणार नाहीत. करार संपलेला नाही, असा निर्णय झाला. प्रिव्ही कौन्सिलनेसुद्धा एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की संहिता केलेली असेल तर आधी तिचे शब्द वाचा, जुना कायदा डोक्यात ठेवून वाचायला बसू नका. करार कायद्याच्या कलम २७ वरही तेच. इंग्लंडमध्ये व्यापारावरचं 'वाजवी' बंधन चालतं, आपल्या कलमाच्या मुख्य नियमात 'वाजवी' हा शब्दच नाही.

शब्द किती महाग पडतात ते लवादात कळतं. जालन्याच्या सळई कारखान्याने परदेशातून भंगार मागवलं, माल हलका निघाला आणि करारात लवाद सिंगापूरला ठरलेला आहे, असं समजा. जालन्यातल्या मालाला मनाई हुकूम इथल्या कोर्टात मागता येईल का? आपला १९९६ चा लवाद कायदा संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या आदर्श कायद्यावरून घेतलेला आहे. आदर्श कायदा म्हणतो की, चार कलमं वगळता, तो लवादाचं ठिकाण त्या देशात असेल 'तरच' लागू. आपल्या कलम २(२) मध्ये 'ठिकाण भारतात असेल तेव्हा हा भाग लागू' एवढंच आहे. 'तरच' गळलंय. २००२ च्या भाटिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गळती मुद्दाम केलेली मानली आणि परदेशातल्या लवादालाही आपला पहिला भाग लावला. त्यामुळे परदेशात दिलेले निवाडेसुद्धा भारतात रद्द करण्यासाठी अर्ज येऊ लागले. ६ सप्टेंबर २०१२ ला बाल्को प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ते उलटवलं: शब्द गळला म्हणून अर्थ बदलत नाही, आणि हा नियम त्या तारखेनंतरच्या करारांनाच लागू. मग २०१५ च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मनाईपुरती वाट पुन्हा उघडून दिली. म्हणून जालन्याच्या कारखानदाराला आज उत्तर द्यायचं तर आधी कराराची तारीख बघावी लागते. मूळ परदेशी मजकूर शेजारी ठेवल्याशिवाय हा वाद समजतच नाही. आणि नुसता शेजारी ठेवल्याने सुटतही नाही, हे या दहा वर्षांच्या घोळातून दिसलं.

खंडपीठाचं उदाहरण तर आपल्या दारातलं. औरंगाबादला २७ ऑगस्ट १९८१ ला न्यायमूर्ती बसू लागले ते राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली. मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने इतर ठिकाणी न्यायमूर्ती बसवायचे, अशी ती तरतूद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक निकालात तो आदेश वैध ठरला. पुढे १९८४ मध्ये कलम ५१(२) खाली खंडपीठ कायम झालं. बांगलादेशात १९८८ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीने ढाक्याबाहेर हायकोर्टाची सहा कायम पीठं स्थापन केली गेली. १९८९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध एक मताने ती दुरुस्ती रद्द केली, आणि आधार काय घेतला? आपल्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालातला मूलभूत संरचनेचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्ती करूनही मोडता येत नाही. म्हणजे भारतातला विचार वापरून तिथे अशी पीठं गेली, जशी भारतात कायद्याने उभी आहेत. विसंगती वाटेल, पण नाही. त्यांच्या घटनेत न्यायालयाचं कायम आसन राजधानीत असेल, असं लिहिलं होतं आणि बाहेर फक्त बैठकी भरवण्याची मुभा होती. आपल्याकडे कायम पीठाची वेगळी तरतूद कायद्यातच आहे. उद्या कोणी बांगलादेशचा तो निकाल आपल्या खंडपीठांविरुद्ध दाखवला, तर उत्तर या दोन मजकुरांच्या फरकात आहे.

केशवानंदमधला विचारही शंभर टक्के देशी नव्हता. दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात, हा मुद्दा मांडणारे जर्मन अभ्यासक डीट्रिख कॉनराड यांचं लेखन न्यायालयापुढे आलं होतं. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२२ मध्ये हाच सिद्धांत आपल्या घटनेला लागू पडत नाही, असं ठरवलं. ज्याच्या त्याच्या मजकुरावर अवलंबून.

घसरतं ते कुठे

डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा कायदा आपल्याकडे बराचसा इंग्लंडहून आला. १९५७ च्या बोलम निकालाची कसोटी अशी: त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एखादा वर्ग तसंच वागला असता, तर निष्काळजीपणा नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घेतली. रुग्णाची संमती घेताना किती सांगायचं, हा प्रश्न २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात आला. तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. न्यायालयाने अमेरिकी आणि ब्रिटिश कसोट्या शेजारी ठेवल्या. अमेरिकी कसोटी विचारते, समंजस रुग्णाला काय कळायला हवं? ब्रिटिश कसोटी विचारते, डॉक्टर साधारणपणे काय सांगतात? न्यायालयाने ब्रिटिश वाट धरली. कारण दिलं की आपल्याकडे बहुतेक रुग्ण गरीब आणि अशिक्षित आहेत, अमेरिकी पद्धतीने उपचार महागतील. त्या बाईला न्याय मिळाला, कारण एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही हे न्यायालयाने ठामपणे सांगितलं. पण कसोटी डॉक्टरच्या बाजूने झुकलेलीच राहिली.

मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी निकालात संमतीपुरती ती जुनी वाट सोडली आणि रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, ही कसोटी घेतली. ज्या घरून आपण कसोटी आणली त्या घरातून ती गेली, आपल्याकडे मात्र २००८ चा निकाल उभा आहे. आणि तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा असल्याने अनुच्छेद १४१ खाली बंधनकारक आहे. लातूरच्या ग्राहक आयोगापुढे माँटगोमेरी दाखवून तो बाजूला सारता येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या पार्श्वभूमीवर 'रुग्ण अशिक्षित आहे म्हणून कमी सांगितलं तरी चालेल' हा तर्क आम्हाला उलटा वाटतो. अशिक्षित बाईला जास्त समजावून सांगायला हवं. परदेशी कसोट्यांतून निवड करताना इथल्या परिस्थितीचं कारण देणं बरोबरच होतं, पण ते कारण कुठल्या बाजूला ओढतं हे तपासायचं राहून गेलं.

आणखी एक घसरण जास्त बारीक आहे आणि वकिलांनी ती शिकून घ्यावी. १९९६ च्या ग्यान कौर प्रकरणात घटनापीठाने आत्महत्येच्या प्रश्नावर बोलताना इंग्लंडच्या एअरडेल निकालाचा (कायम बेशुद्ध रुग्णाचे उपचार थांबवण्याबद्दलच्या) उल्लेख केला. २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी असं धरलं की घटनापीठाने एअरडेल मान्य केलाय, आणि त्यावर निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, सगळी कार्यपद्धती उभी केली. २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ही विसंगती दाखवून प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सांगितलं की ग्यान कौरमध्ये फक्त उल्लेख होता, स्वीकार नव्हता. निष्क्रिय दयामरण शेवटी मान्य झालं, पण घटनापीठाने स्वतंत्र कारणं दिल्यावर. उतारा देणं आणि स्वीकारणं यांतला हा फरक सात वर्षं न सुटता कायद्याच्या पायात राहिला होता.

तिसरी घसरण निवडीची. ११ डिसेंबर २०१३ ला कौशल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिकतेवरचे परदेशी निकाल भारतात डोळे झाकून लावता येत नाहीत, असं म्हणून बाजूला ठेवले. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर प्रकरणात त्याच न्यायालयाने त्याच विषयावरचे परदेशी निकाल विस्ताराने वाचले आणि कौशल उलटवला. निष्कर्ष नवतेजचाच बरोबर होता, असं आम्हाला वाटतं. पण कधी खिडकी उघडायची आणि कधी लावायची, याचा नियम दोन्ही निकालांत शोधून सापडत नाही. १९८६ मध्ये दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीवर निकाल देताना न्यायमूर्ती भगवती यांनी इंग्लंडच्या १८६८ च्या रायलँड्स निकालातले (धोकादायक वस्तू आवारातून निसटली तर मालक जबाबदार, या नियमाचे) अपवाद झुगारून पूर्ण जबाबदारीचं तत्त्व मांडलं, आणि परदेशी कायद्याच्या कुबड्या आता आपल्याला नकोत, असंही लिहिलं. तिथे निदान नाकारण्याची कारणं पानावर आहेत: घातक उद्योग एकोणिसाव्या शतकात नव्हते, आणि भोपाळ होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

अमेरिकेत यावर एवढी चिडचिड का

१ मार्च २००५ च्या रोपर निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या गुन्हेगाराला फाशी देणं पाच विरुद्ध चार मताने घटनाबाह्य ठरवलं. बहुमताने म्हटलं की जगाचं मत आमच्यावर बंधनकारक नाही, पण आमच्या निष्कर्षाला दुजोरा देतं. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी निकालपत्रात बोट ठेवलं ते असं की आपल्या मताशी जुळतं तेव्हा परदेशी कायदा काढायचा आणि जुळत नाही तेव्हा विसरायचा, याला तर्क म्हणत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि आपल्यालाही लागतो. पण त्यावरचा उपाय परदेशी निकालांवर बंदी हा नाही. विरुद्ध जाणारा परदेशी निकालही दाखवायला लावणं, हा आहे.

दक्षिण आफ्रिकेने हा वाद घटनेतच मिटवला. १९९६ च्या घटनेचं कलम ३९ म्हणतं की मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे, परदेशी कायदा घेता येईल. पहिलं सक्तीचं, दुसरं ऐच्छिक. त्याआधी १९९५ मध्ये मक्वान्याने प्रकरणात त्यांच्या न्यायालयाने फाशी रद्द केली, तेव्हा फाशी वैध ठरवणारा आपला १९८० चा बच्चन सिंग निकाल मन लावून वाचला आणि बाजूला ठेवला. कारण साधं: भारताचा अनुच्छेद २१ कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने जीव घेण्याची शक्यता गृहीत धरतो, त्यांची घटना तसं म्हणत नाही. परदेशी निकाल कसा वाचावा, याचा हा नमुना आहे, आणि त्यात नाकारलेला निकाल आपला आहे.

आपल्या घटनेत असं कलम नाही. नियम निकालांतूनच उभा राहिलाय. १९८४ च्या फोरासोल निकालात न्यायमूर्ती मदन यांनी सांगितलं की एखाद्या मुद्द्यावर भारतीय बंधनकारक निकाल नसेल, तर जिथून आपला कायदा आला त्या इंग्लंडचे निकाल पाहता येतात, त्यांचं वजन मन वळवण्यापुरतं. पहिली अट महत्त्वाची: भारतीय निकाल नसेल तर.

कोर्टात मांडायचा असेल तर

म्हणून शोध इथूनच सुरू करायचा. आधी सर्वोच्च न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय, मग इतर उच्च न्यायालयं. तिथे काही नसेल किंवा मतभेद असतील तरच बाहेर जायचं. गेल्यावर दोन्हीकडची कलमं एका पानावर समोरासमोर छापायची आणि फरक अधोरेखित करायचा, गैरसोयीचा असला तरी. तो आपण दाखवला नाही तर समोरचा दाखवतो आणि मग उरलेल्या युक्तिवादावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

निकालाची पूर्ण प्रत काढावी, हेडनोट (वर छापलेला सारांश) नको. ब्रिटनचे निकाल बेली या संकेतस्थळावर, कॅनडाचे कॅनलीवर आणि दक्षिण आफ्रिकेचे सॅफलीवर फुकट मिळतात. इंग्लंडच्या जुन्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या निकालात प्रत्येक न्यायमूर्ती आपलं स्वतंत्र भाषण लिहीत असे. त्यामुळे आपल्याला आवडलेला परिच्छेद बहुमताचा आहे की एकट्याचा, हे मोजून बघावं लागतं. अमेरिकेचा असेल तर संघराज्याच्या कोर्टाचा की एखाद्या राज्याच्या, हे पाहावं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला, याचा अर्थ खालचा निकाल बरोबर ठरवला असा होत नाही. 'रीस्टेटमेंट' नावाचे जाडजूड ग्रंथ अभ्यासकांनी लिहिलेले असतात, तो कायदा नव्हे. आणि शेवटी तो निकाल आज जिवंत आहे का, हे तपासावं. बोलमवरून संमतीचा मुद्दा मांडणाऱ्याला समोरून माँटगोमेरी आला, तर उत्तर तयार हवं.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड बसला. परदेशी निकालांत हा धोका दुप्पट, कारण इथे कोणी पटकन पडताळत नाही. मूळ संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक टाकून निकाल उघडत नाही तोवर तो यादीत घालू नये.

तालुका आणि जिल्हा न्यायालयात थेट परदेशी निकाल मांडून सहसा काही पदरात पडत नाही. ज्या भारतीय निकालाने तो स्वीकारलाय तो दाखवा, परिच्छेद क्रमांकासह, आणि उल्लेख आहे की स्वीकार, हे ग्यान कौर आठवून वाचा. न्यायाधीशांनीच निकाल राखून ठेवल्यावर दोन्ही पक्षांनी न दाखवलेला परदेशी निकाल आधाराला घेतला असेल, तर अपिलात तो वेगळा मुद्दा करावा: त्या निकालावर बोलण्याची संधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तर दोन्ही कायद्यांच्या मजकुरातला अमुक फरक दाखवला असता. तो फरक अपिलाच्या मेमोमध्येच लिहावा.